शेवटची ती एक स्पेस: डेटाबेसला 'मुळशी' आणि 'मुळशी ' एकच वाटतं का वेगळं?

रिपोर्टमध्ये मुळशी दोनदा येत होतं. तालुकावार नोंदी मोजायची साधी ग्रुप बायची क्वेरी, वरच्या ओळीत मुळशी चारशेच्या वर, खालच्या ओळीत परत मुळशी आणि नोंदी नऊ. आदल्या आठवड्यापर्यंत हाच डेटा एसक्यूएल सर्व्हरवर होता तेव्हा एकच ओळ यायची, पोस्टग्रेसवर आणला आणि दोन झाल्या. आम्ही आधी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, मग कुठे ळ चा ल झालाय का बघितलं, फॉन्ट बदलून बघितला, अख्खी दुपार गेली. शेवटी टीममधल्या एकाने नावाच्या दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावून यादी काढली आणि [मुळशी] च्या खाली [मुळशी ] दिसलं. कंसाच्या आधी एक मोकळी जागा, बस एवढंच.

आणि गंमत बघा, बिघडलेलं काहीच नव्हतं. जुना डेटाबेस त्याच्या नियमाने बरोबर होता, नवा त्याच्या नियमाने. आपल्याला तो नियम माहीत नव्हता. नवीन शिकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, जॉइन शिकवतात इंडेक्स शिकवतात पण शेवटच्या स्पेसचं काय होतं हे ज्याचं त्याने रात्री अकरा वाजता शोधायचं, म्हणून हा लेख लिहितोय. एक सूचना आधीच, कीवर्ड आणि फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहिलीत, तुमच्या एडिटरमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीतच टाका.

हा नियम आला कुठून

थोडक्यात सांगतो कारण हे कळलं की पुढचं डोक्यात बसतं. पूर्वी डेटा पंचकार्डावर असायचा, एका कार्डावर ८० कॉलम, नावाला समजा ३० कॉलम ठरवलेले, नाव पाच अक्षरांचं असलं तरी उरलेले पंचवीस कॉलम कोरेच जाणार. कोबोलमध्ये पण तेच, ठरलेल्या लांबीचं फील्ड आणि उरलेल्या जागेत स्पेस. मग अशा जगात 'मुळशी' आणि मागे पंचवीस स्पेस असलेलं 'मुळशी' वेगळं धरलं तर कामच चालणार नाही. एसक्यूएलचं १९९२ चं स्टँडर्ड आलं त्यात ही सवय नियम म्हणून आली: दोन स्ट्रिंगची लांबी वेगळी असेल तर आखूड स्ट्रिंगच्या मागे स्पेस भरून ती लांब स्ट्रिंगएवढी करायची आणि मग तुलना करायची. याला म्हणतात पॅड स्पेस. त्याच स्टँडर्डमध्ये दुसरा पर्यायही ठेवला, नो पॅड, म्हणजे काही भरायचं नाही, जे आहे तेच बघायचं. कुठला लागू होणार हे कोलेशनवर सोडलं, कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रमवारी कशी करायची त्याचा नियमसंच. एवढी मोकळीक मिळाल्यावर प्रत्येक डेटाबेस आपापल्या वाटेने गेला.

पायरी १: आधी स्पेस डोळ्याला दिसू द्या

ग्रिडमध्ये ट्रेलिंग स्पेस, म्हणजे शब्दाच्या शेवटची मोकळी जागा, दिसत नाही, एक्सेलमध्ये दिसत नाही, मॅनेजरला पाठवलेल्या पीडीएफमध्ये तर नाहीच नाही. म्हणून पहिली सवय ही लावा, संशय आला की कंस लावून बघा:

सिलेक्ट कॉन्कॅट('[', तालुका, ']') फ्रॉम नोंदी;

दुसरी सवय लांबी मोजायची, पण इथेच पहिला खड्डा आहे. एसक्यूएल सर्व्हरमधलं लेन हे फंक्शन शेवटच्या स्पेस मोजतच नाही. 'मुळशी' मध्ये म, उकार, ळ, श, ईकार असे पाच कोडपॉइंट आहेत, कोडपॉइंट म्हणजे युनिकोडमध्ये एका चिन्हाला दिलेला क्रमांक. शेवटी स्पेस दिली तरी लेन पाचच सांगणार, तुम्ही म्हणणार चला स्पेस नाहीये, आणि इथेच फसणार. तिथे डेटालेंग्थ वापरायचं, ते बाइट मोजतं, एनव्हारकॅरमध्ये अशा प्रत्येक कोडपॉइंटला दोन बाइट म्हणजे स्पेसशिवाय १० आणि स्पेससकट १२. (आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी लिटरल, म्हणजे क्वेरीत अवतरणात थेट लिहिलेला मजकूर, लिहिताना अवतरणाच्या आधी एन लावा, नाहीतर बहुतेक ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं साठतील आणि मग स्पेसपेक्षा मोठा प्रॉब्लेम होईल.)

मायएसक्यूएलमध्ये कॅर_लेंग्थ अक्षरं मोजतं आणि लेंग्थ बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो आणि स्पेस १, म्हणून 'मुळशी ' चे कॅर_लेंग्थ ६ आणि लेंग्थ १६. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्ट कॉलमवर लेंग्थ ६ देईल आणि ऑक्टेट_लेंग्थ १६. म्हणजे बघा लेंग्थ नावाचं फंक्शन दोन्हीकडे आहे पण एकीकडे बाइट मोजतं एकीकडे अक्षरं, इंग्रजी डेटावर हा फरक कधी जाणवत नाही, मराठी डेटावर पहिल्याच दिवशी जाणवतो.

पायरी २: तुमच्या डेटाबेसला सरळ विचारा

कागदपत्रं वाचायच्या आधी हे चालवून बघा, दोन मिनिटं लागतात. एक टेबल करा, त्यात कॅर(१०) चा एक कॉलम आणि व्हारकॅर(१०) चा एक कॉलम, दोन्हीत 'मुळशी ' भरा शेवटी स्पेस देऊन. आता प्रत्येक कॉलमवर दोन क्वेरी, एक बरोबर चिन्ह लावून 'मुळशी' शोधा, एक लाइक लावून 'मुळशी' शोधा. चार उत्तरं मिळतील ती कागदावर लिहून ठेवा. नुसती दोन लिटरल एकमेकांशी ताडून बघू नका, कॉलमचं कोलेशन आणि लिटरलचा प्रकार वेगळा असू शकतो आणि उत्तर फसवं येतं. तुमच्या खऱ्या टेबलात जो प्रकार आणि जे कोलेशन आहे त्यावरच बघा.

आता कोण काय करतं ते.

एसक्यूएल सर्व्हर सरळ पॅड स्पेसवाला आहे, कॅर असो व्हारकॅर असो एनव्हारकॅर असो, बरोबर चिन्हाला 'मुळशी' आणि 'मुळशी ' एकच. जॉइन, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, युनिक इंडेक्स सगळीकडे एकच. लाइक मात्र वेगळं वागतं, पॅटर्नच्या शेवटी तुम्ही स्पेस दिलीत तर ती धरली जाते आणि 'मुळशी' त्यात बसत नाही. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही तो म्हणजे फॉरेन की, म्हणजे या टेबलातला कोड मूळ टेबलात असलाच पाहिजे हे बंधन. मूळ टेबलात कोड 'अ१२' आहे आणि तुम्ही दुसऱ्या टेबलात 'अ१२ ' घातलंत तर फॉरेन की ते खुशाल स्वीकारते, डेटाबेसच्या मते ते एकच ना. पण मग तोच डेटा तुम्ही जावात किंवा पायथनमध्ये आणता, मॅपमध्ये कोडवरून शोधता आणि सापडत नाही, कारण प्रोग्रॅमिंग भाषेला ते वेगळे शब्द आहेत. डेटाबेसमध्ये जॉइन चालतोय, कोडमध्ये नल येतंय, आणि माणूस वेडा व्हायची पाळी.

मायएसक्यूएलमध्ये सगळं कोलेशनवर आहे आणि इथे थोडं थांबून समजून घ्या कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. जुनी कोलेशन, म्हणजे यूटीएफ८एमबी४_जनरल_सीआय, यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय ही पॅड स्पेस आहेत. २०१८ साली आलेल्या ८.० पासून डीफॉल्ट झालं यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय आणि ते आहे नो पॅड. आता तुम्ही ५.७ वरून ८.० वर गेलात तर जुन्या टेबलांचं कोलेशन आपोआप बदलत नाही, ती जुन्या नियमानेच चालतात, पण नवीन टेबल कोलेशन न सांगता बनवलं तर ते नव्या नियमाचं होऊ शकतं. एकाच डेटाबेसमध्ये दोन नियम! एका टेबलात स्पेस चालते, दुसऱ्यात चालत नाही, आणि दोघांचा जॉइन लावला की कोलेशनची सरमिसळ झाली म्हणून एरर येतो. तो एरर आला तर वैतागू नका, खरं तर तो आपल्याला वाचवतोय. कुठल्या कोलेशनचा नियम काय हे बघायला इन्फर्मेशन_स्कीमामधलं कोलेशन्स टेबल उघडा, ८.० मध्ये त्यात पॅड_अ‍ॅट्रिब्यूट नावाचा कॉलमच दिलाय. कॅर प्रकारात आणखी एक गोष्ट, तो मागे स्पेस भरून साठवतो पण वाचताना त्या काढून देतो, म्हणजे तुम्ही मुद्दाम दिलेली शेवटची स्पेस कॅरमध्ये परत मिळत नाही. व्हारकॅर मात्र जशीच्या तशी ठेवतो. मारियाडीबी वापरत असाल तर तिथे १०.२ पासून नावात नोपॅड असलेली वेगळी कोलेशन आहेत, बाकीची पॅड स्पेस.

लाइक मायएसक्यूएलमध्ये अक्षर-अक्षर ताडून बघतं, म्हणून पॅड स्पेसच्या कॉलमवर सुद्धा व्हारकॅरमधलं 'मुळशी ' हे लाइक 'मुळशी' मध्ये सापडत नाही. बरोबर चिन्हाने सापडतं लाइकने नाही, हे एकदा स्वतः करून बघा, नुसतं वाचून पटत नाही.

पोस्टग्रेस टेक्स्ट आणि व्हारकॅरला काटेकोर आहे, स्पेस म्हणजे अक्षर, वेगळं ते वेगळं. पण कॅर(एन) साठी शेवटच्या स्पेस तुलनेत सोडून देतो, आणि कॅरचं टेक्स्टमध्ये रूपांतर झालं की त्या स्पेस काढूनच टाकतो. म्हणून कॅर कॉलमची तुलना टेक्स्ट कॉलमशी केली आणि टेक्स्टच्या बाजूला शेवटी स्पेस असेल तर जुळणार नाही, तेच दोन कॅर कॉलम असते तर जुळलं असतं. अजून एक, व्हारकॅर(५) मध्ये तुम्ही सहा अक्षरं घातलीत तर एरर येतो, पण जास्तीची अक्षरं सगळी स्पेसच असतील तर पोस्टग्रेस ती न बोलता कापतो. माझं सरळ मत आहे, पोस्टग्रेसमध्ये कॅर(एन) वापरूच नका, टेक्स्ट घ्या आणि लांबीचं बंधन हवं असेल तर चेक लावा.

ओरॅकलमध्ये दोन्ही बाजू कॅर असतील तर पॅड करून तुलना, एक जरी बाजू व्हारकॅर२ असेल तर पॅड नाही. लिटरल कॅर धरलं जातं म्हणून हाताने चालवलेली क्वेरी चालते, आणि तीच क्वेरी अ‍ॅप्लिकेशनमधून बाइंड व्हेरिएबल, म्हणजे क्वेरीला बाहेरून दिलेली किंमत, लावून चालवली की शून्य ओळी, कारण ते व्हेरिएबल व्हारकॅर२ म्हणून जातं आणि कॉलममध्ये मागे स्पेस भरलेल्या असतात. "माझ्याकडे टूलमध्ये येतंय, अ‍ॅपमध्ये येत नाही" असं कोणी म्हणालं आणि डेटाबेस ओरॅकल असेल तर आधी कॉलम कॅर आहे का ते विचारा. तसंच ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल समजतो, म्हणून नुसत्या स्पेस असलेल्या नावाला ट्रिम केलं, म्हणजे कडेच्या स्पेस काढल्या, की नल होतं, नॉट नल कॉलमवर अपडेट तिथेच अडकतं.

एसक्यूलाइट सगळ्यात साधा, कॅर(१०) लिहिलं तरी तो काही भरत नाही, बाइट ताडून बघतो, वेगळं ते वेगळं. शेवटच्या स्पेस सोडून द्यायच्या असतील तर आरट्रिम नावाचं कोलेशन आतच दिलंय.

पायरी ३: खराब नोंदी शोधा

इथे नवीन माणूस हमखास अशी क्वेरी लिहितो (आरट्रिम फंक्शन शेवटच्या स्पेस काढतं):

सिलेक्ट * फ्रॉम नोंदी व्हेअर तालुका <> आरट्रिम(तालुका);

आणि उत्तर येतं शून्य ओळी, आणि तो सांगतो डेटा स्वच्छ आहे. एसक्यूएल सर्व्हरवर किंवा मायएसक्यूएलच्या पॅड स्पेस कोलेशनवर ही क्वेरी कधीच काही देणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने दोन्ही बाजू समानच आहेत! मी स्वतः हे केलंय आणि सगळं स्वच्छ आहे असं लिहून दिलंय, त्याच नऊ नोंदी त्यातून सुटल्या. म्हणून लांबी ताडून बघा. एसक्यूएल सर्व्हरवर डेटालेंग्थ(तालुका) <> डेटालेंग्थ(आरट्रिम(तालुका)), मायएसक्यूएलवर कॅर_लेंग्थ दोन्ही बाजूंना. पोस्टग्रेसच्या टेक्स्टवर मात्र ती साधी क्वेरी चालते.

पायरी ४: जी स्पेस दिसते ती स्पेसच आहे का

ट्रिम फंक्शन नुसतं लिहिलं तर बहुतेक डेटाबेस फक्त साधी स्पेस काढतात, म्हणजे कोड ३२ ची. टॅब नाही, नवीन ओळ नाही. विंडोजवर बनवलेली सीएसव्ही फाइल लोड करताना ओळ संपवायचं चिन्ह चुकीचं सांगितलं की प्रत्येक ओळीच्या शेवटच्या कॉलमला कॅरेज रिटर्न चिकटतं, कोड १३, आणि हे पॅड स्पेसमध्ये सुद्धा सोडून दिलं जात नाही. अख्ख्या फाइलचा फक्त शेवटचा कॉलम जुळत नसेल तर दुसरं काही शोधू नका, हेच असतं.

वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात नॉन ब्रेकिंग स्पेस येते, कोड १६०. दिसायला अगदी स्पेस, ट्रिमला ती अक्षर वाटते. अ‍ॅपच्या बाजूला पण सगळ्यांचं एकमत नाही, पायथनचं स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टचं ट्रिम ती काढतात, जावाचं ट्रिम काढत नाही आणि जावा ११ मध्ये आलेलं स्ट्रिप पण काढत नाही.

आणि आपल्या लिपीतली खास गोष्ट, शून्य रुंदीचे जोडक. काही कीबोर्ड पाय मोडलेल्या अक्षरानंतर हे न दिसणारं चिन्ह सोडतात, शब्दाच्या शेवटी आलं तर ट्रिम काय, कंस लावून सुद्धा दिसत नाही, फक्त लांबी एकने जास्त येते. पुण्याजवळच्या चऱ्होलीचंच बघा, त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि वर ते न दिसणारं जोडक, पडद्यावर दोन्ही सारखेच. हे काही ट्रेलिंग स्पेसमध्ये मोडत नाही पण शोधायची पद्धत तीच आहे, हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटचा आकडा सोळाच्या पायावर लिहून, बघायचं. मायएसक्यूएलमध्ये हेक्स(तालुका) करा, शेवटी २० दिसलं तर साधी स्पेस, ०९ टॅब, ०डी कॅरेज रिटर्न. एकदा हेक्स वाचायची भीती गेली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

पायरी ५: साफ करा, पण घाई नको

बॅकअप घ्या. मग आधी हे बघा की साफ केल्यावर दोन नोंदी एकच होणार आहेत का, म्हणजे ट्रिम केलेल्या नावावर ग्रुप बाय आणि जिथे मोजणी एकाहून जास्त ती यादी. युनिक इंडेक्स असलेल्या कॉलमवर नो पॅडमध्ये 'मुळशी' आणि 'मुळशी ' दोन्ही बसलेले असू शकतात, सरळ अपडेट मारलं तर मध्येच डुप्लिकेटचा एरर येईल. अशा जोड्यांमध्ये कुठली नोंद ठेवायची आणि दुसरीला जोडलेल्या पोटनोंदी कुठे वळवायच्या हे माणसाने ठरवायचं असतं, ते स्क्रिप्टवर सोडू नका. मग अपडेट, आणि अपडेट व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) गुंडाळून, किती ओळी बदलल्या तो आकडा आधीच्या मोजणीशी जुळला तरच कमिट.

सगळेच कॉलम ट्रिम करत सुटू नका हं. पासवर्ड कधीच ट्रिम करू नये, माणसाने शेवटी स्पेस दिली असेल तर ती त्याच्या पासवर्डचा भाग आहे. सही केलेला मजकूर, हॅश काढलेला मजकूर, तिथे एक बाइट हलला तरी पडताळणी मोडते.

आणि साफ करायचं टाळून प्रत्येक क्वेरीत व्हेअर आरट्रिम(तालुका) = ... असं लिहायची सवय लागते बऱ्याच जणांना, ती मोडा. कॉलमला फंक्शन लावलं की साधा इंडेक्स कामाला येत नाही, छोट्या टेबलावर कळत नाही, टेबल वाढलं की रिपोर्ट रांगायला लागतो.

पायरी ६: दारातच अडवा

फॉर्ममधून, एपीआयमधून, सीएसव्हीमधून, जिथून डेटा येतो तिथे ट्रिम करा, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका कारण उद्या कोणीतरी थेट डेटाबेसमध्ये इन्सर्ट मारणार आहे. टेबलावरच चेक लावा. पोस्टग्रेसच्या टेक्स्टवर चेक (तालुका = बीट्रिम(तालुका)) पुरतो. हाच चेक एसक्यूएल सर्व्हरवर लावला तर शेवटच्या स्पेससाठी त्याचा काही उपयोग नाही, पायरी ३ मधलंच कारण, तुलना स्पेस सोडून देते म्हणून चेक पास होतो. तिथे परत डेटालेंग्थवाला चेक लिहा. मायएसक्यूएलमध्ये कॅर_लेंग्थवाला लिहा, पण व्हर्जन ८.०.१६ किंवा पुढचं आहे ना बघून घ्या, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये चेक लिहिलेला चालतो पण पाळला जात नाही.

चेक लावल्यावर मुद्दाम एक खराब नोंद घालून बघा, एरर आलाच पाहिजे.

एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जात असाल तर

पॅड स्पेसवरून नो पॅडवर जाताना इंडेक्स सगळे बिनतक्रार बनतात, लोडिंग बहुतेक वेळा व्यवस्थित होतं, म्हणून सगळं ठीक वाटतं आणि नंतर जॉइनमधून ओळी गळतात, लॉगिन होत नाही, रिपोर्टमध्ये नावं दोनदा येतात. उलट दिशेने जाताना युनिक इंडेक्स बनतानाच डुप्लिकेटचा एरर येतो, म्हणजे निदान कळतं तरी. म्हणून पहिल्या दिशेला जास्त जपा. साफसफाई जुन्या डेटाबेसवर असतानाच करा, आणि हलवण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या जॉइनच्या ओळी आणि प्रत्येक ग्रुप बायच्या गटांची संख्या लिहून ठेवा. हलवल्यावर तेच आकडे परत काढा. नुसत्या टेबलातल्या ओळी मोजून चालत नाही, आमच्या ओळी तर एकूण एक बरोबर होत्या.

त्या नऊ नोंदींचा माग काढला तर सगळ्या एकाच एक्सेल शीटमधून आलेल्या निघाल्या. शीट भरणाऱ्या ताई तालुक्याचं नाव वरच्या ओळीतून कॉपी करायच्या, पहिल्याच ओळीत स्पेस होती ती खालपर्यंत गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, दिसतच नाही तर काय करणार. त्या कॉलमला तालुक्यांच्या यादीचा ड्रॉपडाउन लावून दिला, इम्पोर्ट स्क्रिप्टमध्ये ट्रिम टाकलं आणि टेबलावर चेक बसवला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट काढला तेव्हा मुळशी एकदाच आलं.